पहाट कोणत्या दिवसाची

खडकवण, ता. शिंदखेडा
१२ जून १९९४

चि. अभिमन यास पितांबर मामाचे अनेक आशीर्वाद.

वाऱ्याच्या वहीची मे महिन्याची आणि जूनच्या दहा तारखेपर्यंतची नक्कल सोबत पाठवतो आहे. अक्षर लागलं नाही तर कळव. सातवीपर्यंतची शाळा, आणि पुढे औत धरून बोटं जड झाली, त्यामुळे चार आणि सहा यांत घोटाळा होऊ शकतो. मी चारला वरून उघडा ठेवतो, एवढं ध्यानात ठेव.

तू आणि चुडामण ड्रायव्हरने आखाजीच्या आधी बर्डीवर उभा करून दिलेला खांब नीट आहे. ताणाच्या तारा मी दर सोमवारी ओढून बघतो. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी झोके सोडून तुझा खांब बघायला टेकडी चढून आल्या होत्या. वर तीन वाट्या गरगर फिरतात, याचं त्यांना फार हसू येत होतं. एकीने विचारलं, यात ताक घुसळतात का.

ठरल्याप्रमाणे नोंदी तीन वेळा घेतो. सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि पहाटे पाच. खांबाच्या बुंध्याशी डबा आहे, त्यातला आकडा लिहितो, दहा मिनिटं थांबून पुन्हा आकडा लिहितो. मग वजाबाकी आणि भागाकार. घड्याळ रोज आकाशवाणीच्या बातम्यांना लावून घेतो. दहा मिनिटं थांबायचं ते मला आवडतं. तेवढ्यात माझा जप होतो.

गावात थट्टा चालते. वना पारावर बसलेला असतो, मला बघितलं की विचारतो, “वारा मोजीसन कोनले इकशी रे भो?” मी सांगतो, “भाव फुटू दे, मंग सांगस.” तुझी मामी मंजुळाबाई पहाटे चहा करून देते आणि रोज एकच बोलते, “बठ्ठं गाव झोपेल शे, आन् तुम्ही वाराले भेटाले चालनात.”

एक शंका आहे. मी वारा मोजतोच आहे, मग तुझ्या कॉम्प्युटरने तो पुन्हा कशाला काढायचा? रागावू नकोस, समजून घ्यायचं आहे. भिकुबाईला माझा नमस्कार सांग. चुलत असली तरी मला बहीण ती एकच.

तुझा,
पितांबर मामा


जळगाव
२६ जून १९९४

ती. पितांबर मामांस,
अभिमनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

नक्कल मिळाली. अक्षर आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे. चार आणि सहा ओळखता आले.

आपण विचारलंत ते बरं केलंत. मलाही ते साध्या शब्दांत सांगता यायला हवं. आपण मोजता तो वारा एका बर्डीवरचा आणि होऊन गेलेला. खानदेशात अशा बर्ड्या शेकडो आहेत, प्रत्येकीवर खांब उभा करता येणार नाही. म्हणून आम्ही धुळे-जळगावचा नकाशा चौकोनांत कापला आहे. प्रत्येक चौकोन किती उंच, तिथे झाडी आहे की उघडा माळ, तापी-गिरणेचं खोरं किती जवळ, हे सगळं कॉम्प्युटरला सांगून ठेवलं आहे. रोज हवामान खात्याकडून हवेचा दाब, तापमान, वरच्या थरातला वारा यांचे आकडे येतात. ते घातले की यंत्र पाच-सहा तास गणित करतं आणि सांगतं, उद्या सकाळी अकराला खडकवणच्या बर्डीवर वारा सेकंदाला इतके मीटर असेल. यालाच आम्ही मॉडेल म्हणतो. ते खरं बोलतं की नाही, हे आपली वही ठरवते. वही म्हणजे पंच.

हे आधी कळण्याची गरज अशी की पवनचक्कीची वीज कोठारात भरून ठेवता येत नाही. उद्या किती येणार हे आज कळलं, तर वीज मंडळ तिच्यासाठी जागा ठेवील. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वीज आठपट होते, त्यामुळे वाऱ्यातली लहान चूक विजेत फार मोठी होऊन बसते. पहाटेला तर विशेष किंमत आहे. फैजपूरकडचे केळीवाले पहाटे पाणी भरतात, तेव्हा वीज पुरत नाही. बर्डीवर पहाटे भरवशाचा वारा आहे असं सिद्ध झालं, तर पवनचक्क्या तिथे येतील.

अकरा आणि पाचचे आकडे मॉडेलशी छान जुळतात. पहाटेचे जरा मागेपुढे आहेत. पहाटे आपण स्वतःच जाता ना? अंधारात वाट अवघड आहे. दगदग होत असेल तर पहाटेची नोंद नाही घेतली तरी चालेल, तसं मोकळेपणाने कळवा.

आईने सांगितलं आहे, डोक्याला मफलर बांधून जात जा.

आपला,
अभिमन


खडकवण
९ जुलै १९९४

चि. अभिमन यास आशीर्वाद.

तुझी काळजी वाचून बरं वाटलं. हल्ली भाचे मामाच्या गुडघ्यांची चौकशी करत नाहीत. पण मला दगदग होत नाही. पन्नाशीला अजून दोन वर्षं आहेत आणि बर्डी चढायला मला पंचवीस मिनिटं लागतात. कंदील घेतो. साप असतात, ते आपल्या वाटेने जातात.

तुझं मॉडेल मला समजलं असं वाटतं. खळ्यावर उफणणीला उभं राहण्याआधी माझे वडील चिमूटभर माती हवेत सोडून बघायचे आणि सांगायचे, वारा अजून घटकाभर टिकेल. त्यांचं गणित त्यांच्या डोक्यात होतं, तू ते यंत्रात घातलंस.

पहाटेची एक गोष्ट सांगतो, तुझ्या कामाला येईल. मी घरातून निघतो तेव्हा देवापुढची समई सरळ जळत असते, दार उघडं असलं तरी. वारा म्हणून काही नसतो. वाटेच्या तिसऱ्या वळणावर तो पहिल्यांदा कानाला लागतो आणि वर पोचलो की धोतर अंगाभोवती आवळून धरावं लागतं. खाली अंथरुणात पडलेल्या माणसाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही. देवाविषयी थोर माणसं सांगत असतील तेव्हा आपलंही असंच होत असेल.

पहाटेची नोंद मी सोडणार नाही. खरं सांगू का, तिन्हींत मला तीच आवडते.

तुझा,
मामा


जळगाव
६ ऑगस्ट १९९४

ती. मामांस सा. न.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. मागच्या पत्रात मी जे विचारलं ते तुमच्या तब्येतीसाठी नव्हतं. तुम्ही ते काळजी म्हणून घेतलंत आणि मला जास्तच अपराधी वाटलं. आता सरळ लिहितो.

दहा मे ते एकतीस जुलै, आपल्या त्र्याऐंशी दिवसांच्या नोंदी मी मॉडेलशी ताडून बघितल्या. अकराच्या आणि पाचच्या नोंदी दहांतल्या आठ जुळतात. पहाटेच्या दहांतल्या तीनच. वारा पहाटे जोरात असतो हे आपण लिहिलंत ते खरं आहे, मॉडेलही तेच सांगतं. संध्याकाळनंतर जमीन गार होते, तिला लागून असलेली हवा जड होऊन खाली बसते आणि वरचा वारा तिच्यावरून मोकळा धावतो. महिन्याची सरासरीही जुळते. दिवस जुळत नाहीत. मॉडेल म्हणतं आज पहाटे दहा, तर वहीत चार. मॉडेल म्हणतं आज चार, तर वहीत सात.

परवा हे कागद घेऊन आमचे प्रमुख भंगाळे साहेबांकडे गेलो. त्यांनी आकडे बघितले आणि म्हणाले, “पहाटे वारा असतो हे याला माहीत आहे. म्हणून हा घरी बसून बऱ्यापैकी आकडे टाकतो. पन्नाशीचा माणूस अंधारात रोज टेकडी चढतो, हे तू तरी मानतोस का?”

मी काही बोललो नाही. हे आपल्याला माझ्याच तोंडून कळावं म्हणून लिहिलं.

पहाटेचा पुरावा नसेल तर खांब तिथे ठेवून उपयोग नाही असं त्यांचं मत आहे. गणपतीनंतर तो काढून भडगावकडच्या एका टेकडीवर न्यायचा विचार आहे. आणि अहवालात लिहावं लागेल की खडकवणच्या पहाटेच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. खाली निरीक्षक म्हणून आपलं नाव येतं.

मामा, काही सांगण्यासारखं असेल तर सांगा.

अभिमन


खडकवण
२२ ऑगस्ट १९९४

चि. अभिमन यास आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवस देव्हाऱ्यात ठेवलं. रागात उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि राग जायला आठ दिवस लागले. तू गप्प राहिलास ते लिहिलंस, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. मोठ्या माणसापुढे बोलणं सोपं नसतं.

मी शपथ घेत नाही. देवाला साक्षीला उभं करावं इतकं हे काम मोठं नाही, आणि शपथ घ्यावी लागली तर आधीच्या शब्दाला काय किंमत राहिली? एका पहाटेची हकिगत सांगतो, तुला पटली तर बघ.

ज्येष्ठ वद्य एकादशी सोमवारी आली होती, चार जुलैला. मी एकादशीला पाण्याशिवाय काही घेत नाही. त्या पहाटे निघालो तेव्हा मंजुळाबाईने सवयीने चहा पुढे केला. मी म्हटलं, अजून एकादशी आहे. ती म्हणाली, “पाच वाजाले उनात. देव काय घड्याळ दखस का?” मी म्हटलं, देव बघत नाही, पण मी बघतो, उजाडल्यावर घेईन. वर गेलो तर वारा असा, की डब्याचं झाकण उघडायला वही खाली ठेवली आणि ती उडाली. मी तिच्यामागे धावलो. दिवसभराचा उपाशी, डोळ्यांपुढे अंधारी आली. ताणाच्या तारेला धरून खाली बसलो, वही बोरीच्या काट्यांत अडकली म्हणून सापडली. त्या दहा मिनिटांचा आकडा ११.४ आला. चार जुलैच्या ओळीत बघ, तो आहे. पानाला काट्याचं भोकही असेल, पण तुला मी नक्कल पाठवतो, त्यामुळे ते दिसणार नाही.

एकही पहाट वहीत रिकामी नाही, एवढं तू स्वतः पाहू शकतोस.

खांब न्यायचा असेल तर न्या. जमिनीत सिमेंटचा गोळा राहील, तो ढोरं बांधायला होईल. फक्त अहवालात ते वाक्य लिहाल तेव्हा माझ्या वडिलांचं नाव माझ्या नावापुढे लावू नका.

पितांबर मामा


जळगाव
२८ ऑगस्ट १९९४

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

मामा, मामा! सापडलं. आणि ते मला नाही, आईला सापडलं.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. मी आईला मोठ्याने वाचून दाखवत होतो. एकादशीपाशी आलो तशी ती हळहळली, “बिचारा दिवसभरना उपाशी, आन् तठे चढना.” मी पुढचं वाक्य वाचलं आणि थांबलो. सोमवारी पहाटे पाच वाजता माणूस दिवसभराचा उपाशी कसा? उपास तर त्या सोमवारी सुरू व्हायचा होता.

मी आईला विचारलं, “आई, सोमवारची पहाट कोणती?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लहानपणीच डोक्यावर पडलो होतो आणि तिला ते आज कळलं. म्हणाली, “सोमवारना दिन, सोमवारनी रात, मंग सोमवारनी पहाट. दिन उगना की मंगळवार. पुस्तकं वाचीसन इतलं बी नही समजस?”

मामा, कॉम्प्युटरचा दिवस रात्री बारा वाजता बदलतो. तुमचा सूर्य उगवल्यावर. तुम्ही ज्या पहाटेला चार जुलै म्हणता, तिला तो पाच जुलै म्हणतो. तुमच्या वहीत रकाने आहेत अकरा, पाच, पहाटे पाच, हे मी पहिल्या नकलेपासून बघत होतो. आमच्या टायपिस्टने ते वेळेच्या क्रमाने लावले आणि पहाट उचलून पहिल्या रकान्यात नेली. तारीख तीच ठेवली. मी कधी विचारलं नाही, त्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही. त्र्याऐंशी पहाटा मी एक दिवस आधीच्या वाऱ्याशी ताडून बघत होतो.

संध्याकाळी ऑफिसात जाऊन सगळ्या पहाटा एक दिवस पुढे सरकवल्या. दहांतल्या आठ जुळल्या! पाच जुलैच्या पहाटेला मॉडेल म्हणतं ११.१. तुमचे ११.४.

साहेबांना दोन्ही आलेख दाखवले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “अरे, माझी आईसुद्धा असाच दिवस मोजायची.” खांब आता हलत नाही.

माझं चुकलं. गप्प बसलो तेही चुकलं.

आता एक शेवटचं काम. ज्या थोड्या पहाटा अजून जुळत नाहीत, त्यांतल्या बऱ्याच एखाद-दोन आकड्यांनी चुकतात, ते चालतं. तीन मात्र फार चुकतात. तुमच्या वहीतल्या १८, १९ आणि २० जुलैच्या पहाटा. मॉडेल सांगतं आठ-नऊ. तुम्ही लिहिलंय २.०, २.४, १.८. पूर्वी मी म्हटलं असतं की वही चुकली. आता तसं म्हणणार नाही. वही खरी आहे, म्हणजे चूक मॉडेलची. पहाटेची जड हवा बर्डीच्या माथ्यापर्यंत चढते असं धरलं तर या तीन पहाटा बरोबर येतात. इतर पहाटा थोड्या बिघडतात, पण ते सोसेन. पंधरवड्यात हा बदल करून अहवाल देतो.

तुमचा,
अभिमन


खडकवण
४ सप्टेंबर १९९४

चि. अभिमन यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. भिकुबाईला सांग, तिच्या पायांवर डोकं ठेवायला जळगावला येणार आहे.

तुझा तो बदल करू नकोस. मॉडेल बरोबर आहे.

त्या तीन पहाटा मी वर गेलो नव्हतो.

मंजुळाबाईला त्या आठवड्यात ताप होता. शिंदखेड्याच्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. तुम्हाला कळवलं नाही, कारण भिकुबाई धावत आली असती. दिवसा शेजारची द्रौपदाबाई बसायची, म्हणून अकराच्या आणि पाचच्या नोंदी मी जाऊन घेतल्या, त्या खऱ्या आहेत. पहाटे ताप चढायचा. ती बडबडायची, उठून बसायची. तिला एकटी टाकून जाववलं नाही. पाच वाजले की मी अंगणात येऊन निंबाकडे बघायचो. पहिल्या दिवशी पान हलत नव्हतं, म्हणून दोन लिहिलं. दुसऱ्या दिवशी शेंडा जरा हलला, म्हणून २.४. तिसऱ्या दिवशी पुन्हा शांत.

रकाना रिकामा ठेवला असता तर कोणी काही म्हणालं नसतं, हे मला आता कळतं. तेव्हा दोन महिन्यांत एकही रकाना रिकामा नव्हता. वही उघडली की भरलेली ओळीन् ओळ दिसायची आणि मला बरं वाटायचं. जपाची माळ मोजताना माणसाला मण्यांचाच अभिमान व्हावा, तसं झालं. ती वही मला मोडवेना.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की एकही पहाट रिकामी नाही. ते वाक्य मी विचार करून लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं आणि ते सरळही नव्हतं. तुमच्या साहेबांनी मला खोटा म्हटलं याचा मला आठ दिवस राग आला. त्यातले तीन दिवस तरी तो यायला नको होता.

तू माझ्यावर विश्वास टाकला नसतास, तर मी बहुधा गप्प राहिलो असतो. पण तू माझ्या अंगणातल्या निंबासाठी सगळ्या खानदेशाचा वारा वाकवायला निघालास.

त्या तीन खोड. साहेबांनी सगळी वही फेकली तरी माझी तक्रार नाही.

मामा


जळगाव
१२ सप्टेंबर १९९४

ती. मामांस सा. न.

मामींचा टायफॉइड आम्हाला आत्ता कळतो! आई दोन दिवस माझ्याशीच बोलत नाही, जणू तो मीच लपवला. मामींना जपा.

मॉडेल पहिल्यासारखं केलं. बिघडलेल्या पहाटा पुन्हा जागेवर आल्या.

तीन नोंदी काढून टाकीन. त्यांच्या जागी कारण लिहावं लागतं. साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. परवाच ते सगळ्यांसमोर म्हणाले, “खडकवणची वही बघा, याला म्हणतात निरीक्षक.” आता मी तुमचं पत्र पुढे केलं तर ते पुन्हा सगळ्या वहीवर बोट ठेवतील, हे मी त्यांना ओळखतो म्हणून लिहितो. खांबही जाईल. शिवाय अहवालाची एक प्रत धुळ्याला कचेरीत जाते आणि एक तुमच्या ग्रामपंचायतीत. वना ती पारावर वाचून दाखवील.

म्हणून मी असं लिहिणार आहे: “या तीन दिवशी यंत्र बंद होते.” वाट्यांत पाखरं अडकतात, तारा निसटतात, असं कुठेही होतं. कोणाचं नुकसान नाही. वारा आहे तो आहेच. तुम्ही फक्त हो म्हणा. अहवाल महिनाअखेरीस जातो.

तुमचा,
अभिमन


खडकवण
२६ सप्टेंबर १९९४

चि. अभिमन यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी भंगाळे साहेबांना वेगळं पत्र टाकलं. तुला न विचारता टाकलं. विचारलं असतं तर तू थांबवलं असतंस. तू सुचवलेलं वाक्य त्यात सांगितलेलं नाही, ते तुझ्यामाझ्यात राहू दे. पण मला ते चालत नाही. यंत्र बंद नव्हतं. त्या तीन पहाटा वाट्या आपल्या फिरत होत्या, मी गेलो नाही. मुक्या वस्तूवर आळ घेऊन मी दहा मिनिटं तिच्याजवळ कुठल्या तोंडाने जप करणार?

साहेबांचं उत्तर आलं नाही. परवा, शनिवारी पहाटे साडेचारला दारात जीप उभी राहिली. चुडामण हसत होता, म्हणाला, “दादा, साहेब बारा किलोमीटरपासून म्हणताहेत, वर नसेलच, झोपला असेल.” मी कंदील पेटवूनच बाहेर येत होतो. साहेब उतरले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच म्हणाले, “चला.”

पहिल्या वळणावर त्यांनी विचारलं, “किती राहिलं हो?” मी म्हटलं, एवढंच. दुसऱ्या वळणावर पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, एवढंच. तिसऱ्यावर ते दगडावर बसले. “पाटील, तुम्ही देवभोळे ना? मग इतकं खोटं का बोलता?” मी म्हटलं, “साहेब, चढणाऱ्याला खरं सांगितलं तर तो खाली उतरतो.” त्यांना खोकला आला की हसू, ते अंधारात कळलं नाही.

वर वारा बेताचा होता, पावसाळा सरत आला. आकडा त्यांनी स्वतः वाचला, दहा मिनिटं माझ्याशेजारी उभे राहिले, पुन्हा स्वतः वाचला. ४.३ आला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून कंदिलापाशी धरला. तू आदल्या दिवशी काढून दिलेलं भाकीत होतं, ४.१. त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. अभिमन, मला ती दोन दशांशांची जवळीक बघून फार बरं वाटलं. तू तिकडे बंद खोलीत बसून म्हणतोस आणि वारा इकडे तसा येतो, यात मला काही कमी देव दिसत नाही.

त्यांनी माझ्याकडे वही मागितली. ती तीन पानं उघडली, लाल पेनने तीन आकड्यांवर रेघ मारली आणि पेन माझ्याकडे दिला. मी प्रत्येक रेघेजवळ सही केली.

उतरताना विचारलं, “कारण काय लिहू?”

मी म्हटलं, “निरीक्षक गेला नाही.”

“प्रत तुमच्या ग्रामपंचायतीत येणार. लोक वाचतील.”

“वाचू द्या.”

“बाकीच्या ऐंशी?”

“त्या तुम्ही ठरवा, साहेब. मी गेलो होतो, इतकंच मला माहीत.”

साहेब माझ्या घरापर्यंत आले. ओट्यावर बसले, बूट काढून पाय चोळू लागले. मग म्हणाले, “ऐंशी राहू द्या. खांब पुढच्या पावसाळ्यापर्यंत इथेच. आणि पहाटेला तारीख कोणती लिहायची ते तुमच्या भाच्याकडून शिका, नाहीतर त्याच्या आईला आमच्याकडे नोकरी द्यावी लागेल.”

मंजुळाबाई चहा घेऊन बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं. त्या तीन पहाटा मी खोट्या लिहिल्या हे तिला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघेना. साहेबांच्या हातात कप देऊन म्हणाली, “एकला यास्नं नाव नका लिखू साहेब. मन्हं बी लिखा. ताप तर माले व्हता.”

साहेबांनी लिहून घेतलं नाही. तूही तिचं नाव घालू नकोस. माझं मात्र पूर्ण घाल, वडिलांच्या नावासकट.

पितांबर लोटन पाटील
निरीक्षक, खडकवण